चाळिशीतला वैमानिक : अडसर वयाचा की पैशाचा?

भारतीय हवाई दलात अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला तंत्रज्ञ वीस वर्षांची सेवा संपवून बाहेर पडतो, तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा असतो. या वीस वर्षांत त्याने विमानाची इंजिने उघडून पुन्हा जोडलेली असतात, पहाटेच्या थंडीत चाकांचा दाब तपासलेला असतो, आणि त्याची सही झाल्याखेरीज विमान धावपट्टीकडे सरकलेले नसते. बाहेर आल्यावर समाज त्याच्यापुढे काय ठेवतो? बहुधा बँकेच्या दारावरील पहारेकऱ्याची खुर्ची, नाही तर एखाद्या खासगी सुरक्षा कंपनीचा गणवेश. ज्या यंत्राची आयुष्यभर निगा राखली ते चालविण्याची विद्याही आपण शिकावी, असे यांपैकी एखाद्याच्या मनात आले, तर घरीदारी त्याला एकच उत्तर मिळते : ‘आता या वयात?’

चळवळीतल्या कार्यकर्त्यालाही हे उत्तर रास्त वाटण्याचा संभव आहे. वैमानिक म्हणजे लठ्ठ पगाराचा, पंचतारांकित हॉटेलात उतरणारा माणूस. त्या सुखासीन वर्गात आणखी चार माणसे शिरली काय आणि न शिरली काय, त्याचे श्रमिकांच्या चळवळीला सोयरसुतक कशाला, असे त्याला वाटते. पण एखाद्या धंद्यात शिरण्याचे दार कोणासाठी उघडे आहे व कोणासाठी बंद आहे, आणि बंद असल्यास त्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हा प्रश्न समाजवाद्यांनी नाही विचारायचा तर कोणी विचारायचा?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय अठरा वर्षे असावे लागते, दोनशे तासांचे उड्डाण करावे लागते, लेखी परीक्षा द्याव्या लागतात आणि पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. प्रशिक्षणास आरंभ करण्यासाठी कमाल वयाची अट कायद्यात नाही. अट आहे ती शेवटाची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ साली प्रवासी विमानाच्या वैमानिकाची वयोमर्यादा साठवरून पासष्टवर नेली. साठीनंतर त्याच्या जोडीला दुसरा वैमानिक असलाच पाहिजे व दर सहा महिन्यांनी प्रकृतीची तपासणी झालीच पाहिजे, अशी बंधने तिला जोडलेली आहेत. म्हणजे चाळिसाव्या वर्षी शिकू लागलेला माणूस बेचाळिसाव्या वर्षी कामाला लागला, तर त्याच्यापुढे तेवीस वर्षांची नोकरी उरते. तेवीस वर्षे ही काही क्षुल्लक मुदत नव्हे. गिरणगावातील किती कामगारांना सलग तेवीस वर्षे एका मागावर उभे राहण्याची शाश्वती होती?

शरीर नाही म्हणेल, ही भीती अगदीच खोटी नाही. चाळिशीनंतर रक्तदाब, मधुमेह, दृष्टिदोष यांचे प्रमाण वाढते, आणि वैद्यकीय दाखला गेला की परवाना कपाटात पडून राहतो. शिवाय विशीतला विद्यार्थी जे दोन उड्डाणांत उचलतो, त्याला प्रौढ विद्यार्थ्याला कधी तीन लागतात. पण यावर निर्णय देण्यास डॉक्टर व परीक्षक समर्थ आहेत. जो तपासणीत उतरेल तो उतरेल. त्यासाठी जन्मतारीख पाहून माणसाला दाराबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

प्रौढांच्या वाटेतील एक अडसर मात्र शासनानेच घातला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या परवान्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे पुरेसे होते. नंतर बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेतलेले असणे सक्तीचे झाले. या नियमामुळे कला किंवा वाणिज्य शाखेचे पदवीधर, कधी पस्तिशीतले, मुक्त विद्यालयातून बारावीचे हे दोन विषय पुन्हा देऊ लागले. ही सक्ती काढून टाकावी असा प्रस्ताव २०२५ साली पुढे आला. जुन्या पिढीतील कित्येक वैमानिक दहावीच्या बळावर आयुष्यभर सुखरूप विमाने चालवून निवृत्त झाले, हे लक्षात घेता असा प्रस्ताव यायला तीस वर्षे लागावीत याचेच नवल.

परंतु खरा अडसर वेगळाच आहे, आणि तो रुपयांत मोजावा लागतो. केंद्र शासनाने १९८५ साली उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे स्थापन केलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीचे शुल्क अलीकडच्या वर्षांत पंचेचाळीस लाखांच्या घरात गेले. ही शासकीय संस्थेची गोष्ट. विमान कंपन्यांनी खासगी शाळांशी संगनमत करून चालविलेल्या योजनांत हा आकडा कोटीला जाऊन भिडतो. परवाना हाती आला तरी खर्च संपत नाही. ज्या जातीचे विमान चालवायचे त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, घ्यावे लागते, आणि त्याचेही काही लाख अनेकदा उमेदवारालाच मोजावे लागतात. पंचेचाळीस लाखांचे कर्ज अकरा टक्के व्याजाने दहा वर्षांच्या मुदतीवर काढले, तर महिन्याचा हप्ता बासष्ट हजारांच्या आसपास येतो, आणि दहा वर्षांत सुमारे चौऱ्याहत्तर लाखांची परतफेड होते. विशीतल्या धनिकपुत्राचा हा खर्च बाप भागवतो. चाळिशीतल्या तंत्रज्ञाला, शिक्षकाला, विमानतळावरील कर्मचाऱ्याला मात्र तो राहते घर गहाण टाकून भागवावा लागतो. ‘आता या वयात?’ या प्रश्नातले वय हे बऱ्याच अंशी निमित्त आहे. विचारायचे असते ते ‘या ऐपतीत?’ हे.

आपल्या देशात या विद्येचा आरंभच थैलीपाशी झाला, हे खरे. फेब्रुवारी १९२९ मध्ये वैमानिकाचा पहिला भारतीय परवाना ज्यांना मिळाला ते जे. आर. डी. टाटा त्या वेळी चोवीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या गुणवत्तेविषयी कोणाचे दुमत नाही. पण तितकीच गुणवत्ता अंगी असलेला लोअर परळच्या चाळीतला मुलगा त्या काळी मुंबई फ्लाइंग क्लबच्या दारापर्यंतही पोहोचू शकला नसता. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटण्याचा काही प्रयत्न झाला. अलाहाबादजवळ बमरौली येथे १९४८ साली शासनाचे नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण केंद्र निघाले, १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. परंतु प्रशिक्षणाचा खर्च समाजाने उचलावा, हे तत्त्व आपल्याकडे कधी पुरते रुजलेच नाही.

गरज पडली म्हणजे भांडवलशाही राष्ट्रेदेखील हे तत्त्व कसे पटकन मान्य करतात, याचा दाखला ब्रिटनने घालून दिलेला आहे. १९३८ साली युद्धाचे ढग जमू लागताच तेथील सरकारने ‘सिव्हिल एअर गार्ड’ नावाची योजना काढली. अठरा ते पन्नास या वयाच्या कोणाही स्त्रीपुरुषाने फ्लाइंग क्लबात यावे, तासाला काही शिलिंग भरावेत आणि विमान चालवायला शिकावे, उरलेला खर्च सरकार सोसेल, अशी ही योजना होती. पन्नासाव्या वर्षापर्यंत! कालपर्यंत जो छंद जमीनदारांचा व गिरणीमालकांचा होता, तो कारकुनांना व दुकानांतल्या मुलींना एकाएकी परवडू लागला.

युद्ध सुरू झाल्यावर ‘एअर ट्रान्स्पोर्ट ऑक्झिलरी’ ही संघटना उभी राहिली. कारखान्यातून निघालेली विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचविणे हे तिचे काम होते. हवाई दलाने वयामुळे वा अपंगत्वामुळे ज्यांना नाकारले होते, ते तिने कामाला घेतले. पहिल्या महायुद्धात एक हात किंवा एक डोळा गमावलेले वैमानिकही त्यांत होते. संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्यांची ‘जुनेपुराणे आणि फाटके’ अशी थट्टा होई, आणि तेही ती हसून स्वीकारीत. या मंडळींनी युद्धकाळात तीन लाखांहून अधिक विमाने पोहोचविली. त्यांत दीडशेहून अधिक स्त्रिया होत्या, आणि १९४३ साली त्यांना पुरुषांइतकेच वेतन देण्यात आले. शांततेच्या काळात तोच कामगार पुन्हा वयस्क ठरतो, आणि त्याच स्त्रीला पुन्हा स्वयंपाकघर दाखविले जाते. वयाचे बंधन निसर्गाने घातलेले नसून गरजेप्रमाणे घट्ट वा सैल होणारे आहे, हे यावरून उघड होते. ही गरज कोणाची, एवढाच काय तो प्रश्न.

मालकाच्या गरजेनुसार वयाची रेघ कशी ओढली जाते, हे पाहायचे तर अमेरिकेकडे वळले पाहिजे. तेथे साठीनंतर प्रवासी विमान चालविता येणार नाही, असा नियम १९५९ साली झाला. वैद्यकशास्त्राचे नाव घेऊन तो आला खरा, पण त्याचा उगम एका कामगार-तंट्यात होता. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने आपल्या वैमानिकांना साठाव्या वर्षी सक्तीने घरी बसविले. वैमानिकांनी तक्रार नेली आणि लवादाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांनी सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे प्रमुख जनरल क्वेसाडा यांना पत्र लिहून, सरकारनेच वयोमर्यादा ठरवावी अशी मागणी केली. नियम झाला. पुढे क्वेसाडा खात्यातून बाहेर पडले आणि त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. तो नियम उठण्यास २००७ साल उजाडावे लागले.

प्रवेशाच्या दाराची कहाणी याहून बोलकी आहे. याच कंपनीत नव्या वैमानिकाची भरती तिशीच्या आतच करण्याचा प्रघात होता. १९७६ साली त्रेचाळीस वर्षांच्या एका अनुभवी वैमानिकाने अर्ज केला आणि तो वयामुळे नाकारला गेला. चाळिशीवरील कामगारांना वयावरून डावलू नये असा कायदा अमेरिकेत १९६७ पासून होता. तरीही १९८१ साली वरिष्ठ न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. कारण काय? तर उड्डाण अभियंता, सहवैमानिक आणि मग कॅप्टन, अशा पायऱ्या चढण्यास या कंपनीत चौदा ते वीस वर्षे लागतात. उशिरा आलेला माणूस कॅप्टन होईपर्यंत निवृत्तीला येतो, आणि जुना अनुभवी कॅप्टन मिळण्यातच प्रवाशांची सुरक्षितता आहे. आज उड्डाण अभियंत्याची जागाच विमानातून नाहीशी झाली आहे, आणि वाढत्या कंपन्यांत सहवैमानिक काही वर्षांतच कॅप्टन होतो. युक्तिवादाचा पाया गेला. रेघ मात्र उरली. आपल्याकडेही विमान कंपन्यांच्या प्रशिक्षण-योजनांत व जाहिरातींत ती बहुधा तिशी-पस्तिशीच्या आसपास आढळते. गंमत अशी, की जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेने, इयाटाने, २०२५ साली निवृत्तीचे वय पासष्टवरून सदुसष्टवर न्यावे असा प्रस्ताव मांडला होता. तो मान्य झाला नाही. पण माणसांचा तुटवडा पडला, की सहासष्टाव्या वर्षीचे हात चालतात आणि चाळिसाव्या वर्षीचे चालत नाहीत, हा कोणता न्याय?

१९८१ हेच साल आपल्याकडेही या संदर्भात महत्त्वाचे आहे. एअर इंडियाच्या नियमाप्रमाणे हवाईसुंदरीने पस्तिसाव्या वर्षी, अथवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास तेव्हा, अथवा पहिल्या गर्भारपणी निवृत्त व्हावे, असे होते. मुदतवाढ देणे न देणे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर होते. सर्वोच्च न्यायालयाने नर्गेश मिर्झा खटल्यात गर्भारपणाचे कलम व संचालकाची ही मनमानी रद्द केली. पस्तिशीचे कलम मात्र सर्वस्वी मोडून काढले नाही. एकाच विमानात पुढे बसणारा पुरुष पन्नाशीत अनुभवी ठरे आणि मागे उभी असणारी स्त्री पस्तिशीत वयस्क. तरीही या लढाईला संविधानाचा आधार मिळाला, कारण एअर इंडिया हे शासकीय महामंडळ होते. जानेवारी २०२२ मध्ये ती कंपनी टाटांना विकली गेली, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की खासगीकरणानंतर तिच्याविरुद्ध रिट अर्ज चालणार नाही. खासगी मालकाने वयावरून उमेदवार नाकारला, तर त्याला समतेच्या मूलभूत हक्काच्या आधारे जाब विचारता येत नाही. खासगीकरणाच्या हिशेबात ही हानी कोणी मांडली नाही.

येथे कामगार संघटनांनीही स्वतःकडे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील वैमानिकांच्या प्रमुख संघटनेने साठीच्या नियमाला वीस वर्षे विरोध केला आणि १९८० साली बाजू बदलली, कारण ज्येष्ठ लवकर गेले म्हणजे कनिष्ठांना बढती लवकर मिळते. २००७ साली ती पुन्हा फिरली. ज्येष्ठतेची यादी हे कामगारांनी लढून मिळविलेले शस्त्र आहे, मालकाच्या वशिलेबाजीला ते आळा घालते, आणि उशिरा येणाऱ्याने यादीच्या तळाशी उभे राहावे, यात अन्याय नाही. चाळिशीतल्या नवख्यालाही पंचवीस वर्षांच्या कॅप्टनचा हुकूम मानण्याची तयारी ठेवावी लागेल. पण कंपनी बुडाली की ही यादीही बुडते. किंगफिशर २०१२ साली, जेट एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. दुसऱ्या कंपनीत गेलेला वैमानिक पुन्हा शेवटच्या क्रमांकापासून आरंभ करतो. तरुणाला हे एकदा सोसते. पंचेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर हप्ता असताना, ते सोसवत नाही.

कर्जाचा मुद्दा एकट्या उमेदवाराच्या सुखदुःखाशी संपत नाही, हे प्रवाशांनीही ओळखावे. दरमहा बासष्ट हजारांचा हप्ता ज्याच्या मानेवर आहे, तो ‘मी थकलो आहे, आज उड्डाण करणार नाही’ असे सांगण्याचे धैर्य कोठून आणणार? १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ एक छोटे प्रवासी विमान कोसळून पन्नास माणसे दगावली. चौकशीत कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे प्रमुख कारण ठरले. पण त्याच चौकशीत हेही उघडकीस आले, की तुटपुंज्या पगाराची सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाला, आईवडिलांकडे, राहत होती आणि रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. कायदेमंडळाने यावर उपाय म्हणून विश्रांतीचे नियम कडक करविले, आणि सहवैमानिकासाठीही दीड हजार उड्डाण-तासांची अट घातली. ते तास कोणाच्या खर्चाने भरायचे? अर्थात उमेदवाराच्या.

आपल्याकडे साप्ताहिक विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेणारे व रात्रीच्या अवतरणांना आळा घालणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. कंपन्यांनी टाळाटाळ केली, वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि नोव्हेंबर २०२५ पासून नियम पुरते अमलात आले. डिसेंबरच्या आरंभी देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण जवळजवळ दोन वर्षे हाती असून तिने पुरेशी माणसे नेमली नव्हती. मग शासनाने काय केले? कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट दिली. वैमानिकाला मात्र अशी सूट नाही. २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनने नोकरी सोडायची तर बारा महिने आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी सूचना द्यावी लागते. भरभक्कम पगाराचा असला, तरी ज्याला काम सोडता येत नाही व ज्याने कामात शिरण्यासाठी स्वतःला गहाण टाकले आहे, त्याला सुखासीन म्हणून बाजूला टाकणे हा वर्गीय विश्लेषणातला आळस झाला.

खर्च कंपनीने उचलणे अशक्य आहे, ही सबबही टिकणारी नाही. ब्रिटिश एअरवेजसारख्या नफ्यासाठीच चालणाऱ्या कंपनीने २०२३ साली वर्षाकाठी साठेक उमेदवारांचे संपूर्ण प्रशिक्षण स्वखर्चाने करण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्रातही एक पाऊल पडले आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी राज्य शासनाने काढलेल्या नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेने निवडक उमेदवारांना नागपूर फ्लाइंग क्लबात व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण देण्याची योजना आखली. संख्या अगदी थोडी. पण ज्या घरांत याआधी कोणी विमानतळाचे दारही ओलांडले नव्हते, तेथवर हा परवाना शासनाच्या पैशाने पोहोचू शकतो, हे तिने मान्य केले.

आता अमरावतीजवळ बेलोरा येथील प्रकल्पाकडे लक्ष द्यावयास हवे. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने तेथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारून तीस वर्षे चालविण्याचे काम एअर इंडियाला दिले, आणि वर्षाला एकशे ऐंशी वैमानिक घडविण्याची घोषणा २०२४ साली झाली. विमानतळ लोकांच्या पैशाचा आहे आणि जमीन लोकांची आहे. तर मग या एकशे ऐंशींपैकी किती जागा बिनाशुल्क असतील, किती माजी सैनिकांना, विमानतळावरील कंत्राटी कामगारांना व देखभाल-तंत्रज्ञांना मिळतील, आणि वैद्यकीय तपासणीत उतरणाऱ्या चाळिशीच्या उमेदवाराला तेथे अर्ज करता येईल की नाही, याविषयी करारात काय लिहिले आहे, हे विदर्भातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात मागवून घ्यावे, आणि विधिमंडळातील डाव्या व समाजवादी सदस्यांनी येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून मांडावे. करारात त्याविषयी काहीच लिहिलेले नसेल, तर तीस वर्षांच्या मुदतीतील अजून बरीच वर्षे शिल्लक आहेत.